तिचा टाइम अजून पळतोय

पहिल्या दिवशी सेफिना पन्नास मीटर पळाली, वळणापाशी थांबली, गर्रकन मागे फिरली आणि आली तशी सरळ परत गेली.

बाबांच्या हातात पांढऱ्या फक्कीचा डबा होता. सकाळी साडेपाचला येऊन त्यांनी आमच्या शाळेच्या मैदानावर दोनशे मीटरचा अख्खा गोल आखला होता, दोरी लावून, वाकून वाकून. आणि ही मुलगी त्या गोलाकडे ढुंकून न बघता सरळ जात होती, सरळ येत होती. पाचव्यांदा ती परत आली तेव्हा बाबा मला म्हणाले, "मैत्री, विचार हिला, वळायचं नाय का?"

मी विचारलं, इंग्रजीत. माझं इंग्रजी चुकतं, पण नववीत आल्यापासून मी ठरवलंय की चुकलं तर चुकलं, तोंड बंद ठेवायचं नाही. सेफिनाचंही मोडकंतोडकंच होतं, म्हणून आमचं झकास जमलं. तिने सांगितलं की तिच्या देशात, म्हणजे तावेलो नावाच्या बेटावर, गोल मैदानच नाही. बेटाची रुंदी इतकी कमी की या काठावरून जोरात दगड मारला तर त्या काठाच्या पाण्यात पडतो. सपाट जागा एकच, विमानाची धावपट्टी. विमान आठवड्यातून दोनदा येतं. बाकी दिवस त्या पट्टीवर मुलं फुटबॉल खेळतात, बायका मासे वाळवतात आणि सेफिना या टोकापासून त्या टोकापर्यंत पळते. टोक आलं की समुद्र. मग मागे फिरायचं.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे हिला राऊंड मोजायची सवयच नाय."

त्यांना बरोबर हीच गोष्ट दिसणार होती, कारण माझे बाबा राऊंड मोजतात.

आता हे नीट सांगायला हवं. माझे बाबा, सुगत तांबे, कोपरखैरण्याच्या आमच्या शाळेत शिपाई आहेत. घंटा देतात, स्टाफरूममध्ये चहा नेतात, नोटीस फिरवतात. सगळी शाळा त्यांना मामा म्हणते. पण बावीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या स्पर्धेत एक शिक्षक आले नाहीत, म्हणून बाबांना टेबलाशी बसवलं आणि लांबच्या शर्यतीत मुलांचे राऊंड, म्हणजे लॅप, मोजायला सांगितलं. त्यांचा एकही राऊंड चुकला नाही. मग दरवर्षी बोलावणं यायला लागलं. पुढे त्यांनी परीक्षा दिली, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले आणि त्यांना कार्ड मिळालं. त्यावर फोटो आणि खाली ‘तांत्रिक अधिकारी’. मैदानावर त्यांना कुणी मामा म्हणत नाही, तांबे सर म्हणतात. घरी ते कार्ड बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खिळ्याला असतं आणि आई पुसताना ते फोटोइतकंच जपून पुसते. आई एपीएमसी मार्केटमध्ये धान्य निवडायला जाते. ती म्हणते, या घरात दोनच कागद आहेत जे पावसात भिजू द्यायचे नाहीत, एक घराचा आणि एक तो.

मला पूर्वी लाज वाटायची, हेही लिहूनच टाकते. आठवीत आकाश नावाचा मुलगा मला बघून तोंडाने टण टण करायचा आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडायची. या वर्षी त्याने पहिल्याच दिवशी टण टण केलं. मी म्हटलं, माझ्या बाबांनी वाजवल्याशिवाय तुझी मधली सुट्टी होत नाही, तेव्हा नमस्कार करत जा. पुढच्या बाकावरच्या पायलने हसत डबाच आपटला बाकावर. तेव्हापासून शांतता आहे.

तर नवी मुंबईत आशिया आणि पॅसिफिकच्या युवा खेळाडूंची मोठी स्पर्धा भरली होती. तेहतीस देश. काही देशांची माणसं दोन-दोन बस भरून आली. तावेलोची पाच आली: दोन पोहणारे, एक वजन उचलणारा, सेफिना, आणि त्यांच्या मॅनेजर मिसेस वाइनू. त्या तिकडे पोस्टात पत्रं निवडतात आणि त्यांनी स्टॉपवॉच मासे धरायच्या दोऱ्याने गळ्यात बांधलेलं होतं. नेरूळच्या मोठ्या मैदानावर सरावाची वेळ मोठ्या संघांना सकाळ-संध्याकाळ मिळाली. छोट्यांना दुपारी दोन ते तीन. मार्चमधली दुपार. मिसेस वाइनू तक्रार करायला गेल्या तेव्हा आयोजकांनी, हवं तर शाळेचं मैदान वापरा, असं सांगून आमच्या शाळेचा पत्ता दिला. मी दुभाषी म्हणून स्वतःच नाव दिलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, मीच गेले.

आठ दिवस ती माणसं आमच्याकडे आली. तो वजन उचलणारा पाण्याचं भरलेलं पिंप एका हाताने उचलून सावलीत ठेवायचा, आणि पाचवीतली पोरं त्याच्यामागे मिरवणुकीसारखी फिरायची. सेफिना वळायला शिकली. पण बाबा म्हणत होते तेच खरं झालं. पाचव्या-सहाव्या राऊंडनंतर तिला काहीच कळायचं नाही. किती झाले, किती राहिले, कुणी पुढून गेलं की मागून आलं. सरळ रस्त्यावर समुद्र दिसला की कळतं. गोलात समुद्र कुठून येणार?

सातव्या दिवशी बाबांनी तिला फक्कीच्या रेघेवर उभं केलं आणि शाळेची पितळी घंटा हातात घेतली. मला म्हणाले, शब्द न् शब्द नीट सांग.

"मोठ्या मैदानावर पाच हजार मीटर म्हंजे साडेबारा राऊंड. तू मोजू नको. नुसती पळ. पुढच्या पोरीचा शेवटचा राऊंड आला की घंटा होईल, ती तुझी नाय. तू थांबायचं नाय. तुझा शेवटचा राऊंड आला की तुझी घंटा मी वेगळी देनार. नियमात आहे, प्रत्येकाला घंटा. माझी घंटा झाली की एक राऊंड, मग खलास. तोवर कुनी काय पन सांगू दे."

मी सांगितलं. सेफिनाने माझ्याकडे नाही, बाबांकडे बघून विचारलं, "यू?" बाबांनी छातीवर हात ठेवला. त्यांना तेवढं इंग्रजी येतं.

शर्यतीच्या दिवशी मीही नेरूळच्या मैदानावर होते, पण लेझीमवाली. आमच्या शाळेच्या चाळीस मुली, नऊवारी, फेटे, आणि मी सगळ्यांत पुढे, शिट्टीवाली. मुलींची पाच हजारची शर्यत संपली की पाहुणे येणार, आम्ही पहिल्या वळणाच्या गेटातून ट्रॅकवर उतरणार, आणि टीव्हीवर सगळं थेट दिसणार. मैदानाचे प्रमुख होते नंदकुमार सर. हातात वॉकीटॉकी आणि सारखं घड्याळाकडे बघणं. तेरा मुली पळत होत्या. बाबा टेबलाशी बसले होते, कार्ड गळ्यात, समोर तक्ता. त्या तक्त्यात प्रत्येक मुलीच्या नावापुढे तेरा घरं असतात. मुलगी रेघेवरून गेली की एका घरात वेळ लिहायची. तेरावं घर भरलं की शर्यत संपली. बाबांकडे सेफिना धरून तीन मुली होत्या आणि घंटाही त्यांच्याचकडे.

सेफिना पहिल्यापासून शेवटी होती. निळं-पांढरं बनियन, बुटांची एक नाडी पिवळी, एक काळी. पण ती पळत कशी होती म्हणून सांगू, जणू समोर अजून खूप धावपट्टी शिल्लक आहे. पहिल्या नंबरच्या मुलीची घंटा झाली तेव्हा सेफिना दचकली, टेबलाकडे बघितलं, बाबांनी मान हलवली आणि ती पळत राहिली. पहिली मुलगी संपली. मग एकेक जण येत गेली. बाराव्या नंबरच्या मुलीने रेघ ओलांडली आणि तिच्यामागे पंधरा-एक सेकंदांनी सेफिना सरळ रस्त्यावर आली. समोरून बघणाऱ्याला वाटावं, ही पण संपवतेय.

माइकवाल्याला तसंच वाटलं. त्याने जाहीर केलं की तावेलोच्या खेळाडूनेही शर्यत पूर्ण केली, टाळ्या. टाळ्या झाल्या. एका कार्यकर्त्याने पुढे होऊन सेफिनाच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि फिनिश, फिनिश म्हणत तिचा दंड धरला. ती थांबली. धापा टाकत इकडेतिकडे बघायला लागली.

बाबा उठले. टेबलाच्या पुढे आले.

नंदकुमार सर तिथेच होते. चूक त्यांनाही कळली होती, कारण त्यांनी तक्त्यात डोकावून बघितलेलं मला दिसलं. ते बाबांच्या अगदी जवळ गेले. आम्ही गेटात उभ्या होतो, दहा-बारा पावलांवर, सगळं ऐकू येत होतं.

"तांबे, खाली बसा. अठरा चोवीस लिहा आणि मोकळे व्हा. पाहुणे गाडीतून उतरलेत."

बाबा म्हणाले, "सर, तेरावं घर रिकामं आहे."

"मग भरा. शेवटचीच आहे ना ती? नंबर बदलतोय का कुणाचा? उलट तिच्या देशाचा रेकॉर्ड होईल, पोरगी खूश होईल. तुमच्या खिशातून काय जातंय?"

"तो टाइम तिचा नाय, सर. तिचा टाइम अजून पळतोय."

नंदकुमार सरांनी वॉकीटॉकी दुसऱ्या हातात घेतला. आवाज आणखी खाली आणला, तो जास्त वाईट होता. "शिपाई आहात, शिपायासारखं राहा. उद्या हे कार्ड गळ्यात राहणार नाही, सांगून ठेवतो."

मला वाटलं बाबा आता बसतील. खरं सांगते, वाटलं. स्टाफरूममध्ये कुणी ओरडलं की ते कप उचलून बाहेर येतात, हे मी लहानपणापासून बघितलंय.

बाबा म्हणाले, "शिपाई शाळेत आहे. हितं लॅपवाला आहे." आणि त्यांनी घंटा दिली.

एकदा नाही. सेफिनाने मान वळवेपर्यंत देत राहिले. ट्रॅकच्या काठावर उभे राहून, डावा हात वर, एक बोट. तिने त्यांना बघितलं. खांद्यावरचा टॉवेल तिने असा खाली टाकला जणू अंगावर झुरळ बसलंय. दंड सोडवला आणि निघाली.

आणि तेवढ्यात नंदकुमार सरांनी गेटाकडे हात केला. लेझीम आत घ्या, आत्ता, लगेच.

आमच्या पहिल्या दोन रांगा तर ट्रॅकवर गेल्याही होत्या, कारण मागून ढकललं की पुढच्या जाणारच. सेफिना वळणावर येत होती, आणि तिच्या पहिल्या लेनमध्ये आठ मुली, नऊवारीत, लेझीम हातात. मी शिट्टी तोंडात घातली. आमच्यात एक लांब म्हणजे सुरू, दोन तुटक म्हणजे थांबा. मी दोन तुटक दिल्या. चाळीस मुली जागच्या जागी खिळल्या, महिनाभर दुपारच्या उन्हात घोटून घेतलेलं असं कामाला येतं. मग मी ओरडले, पहिल्या तीन लेन सोडा, बाहेरच्या बाजूला या. आठही जणी सरकल्या. सेफिना आमच्यासमोरून गेली तेव्हा तिचा श्वास ऐकू आला, करवत चालावी तसा.

नंदकुमार सर आमच्याकडे धावत आले. मला विचारलं, शिट्टी कुणी मारली. माझ्यामागे उन्नती होती, ती माझ्या फेट्यात कुजबुजली की मैत्री, शाळेतून काढतील गं. मला तेव्हा भीती वाटली का? वाटली. शिट्टी मात्र मी लपवली नाही.

मी म्हटलं, "सर, रेस चालू आहे."

ते काहीतरी बोलणार होते. पण मैदानावर माइक बंद झाला होता, टाळ्या थांबल्या होत्या, आणि एवढ्या मोठ्या मैदानात एकटी मुलगी पळत होती. पाहुणे व्यासपीठाच्या पायरीवर येऊन थांबले, त्यांना कुणी बसा म्हणेना. समोरच्या सरळ रस्त्यावर सेफिना इतकी हळू झाली की मला वाटलं ती चालतेय. मिसेस वाइनू कठड्याला धरून उभ्या होत्या. स्टॉपवॉच मुठीत. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं की चारशे मीटर किती लांब असतात. टीव्हीवर ते कळत नाही.

तिने रेघ ओलांडली. बाबा खाली बसले आणि तेराव्या घरात लिहिलं. एकवीस मिनिटं, चार सेकंद.

मग आमचं लेझीम झालं. चांगलं झालं, पण कुणी बघितलं असेल असं वाटत नाही.

बाबा टेबल आवरत होते तेव्हा मिसेस वाइनू आल्या. सेफिना त्यांच्या खांद्यावर जवळजवळ लटकलेली. मिसेस वाइनूंना सगळं समजलं होतं, अठरा चोवीसचंही, कारण टेबलाशी बसलेल्या दुसऱ्या सरांनी त्यांना सांगितलं होतं. त्या सावकाश बोलल्या आणि मी सावकाश बाबांना सांगितलं. आमच्या बेटावर आजवर कुणाही मुलीचा पाच हजार मीटरचा टाइम कुठे लिहिलेला नाही. हा पहिला. तुम्ही अठरा चोवीस लिहिलं असतं, तर आमच्या मुली धावपट्टीवर जन्मभर त्या आकड्यामागे पळाल्या असत्या आणि तो कुणालाच मोडता आला नसता, कारण तो कुणी पळालाच नव्हता. एकवीस चार मोडता येईल.

"पुढच्या वर्षी मीच मोडीन," सेफिना म्हणाली. हेही मी सांगितलं. बाबा हसले आणि तिला म्हणाले, "वळताना आतून वळ. लई बाहेरून जातेस. तिथंच चार सेकंद गेले." मी ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा सेफिना रडली. मला अजूनही नक्की कळलेलं नाही की का.

नंदकुमार सर स्वतः आले नाहीत. त्यांनी एका कार्यकर्त्याला पाठवलं. तो बिचारा लाजत म्हणाला की तांबे सर, उद्यापासून तुमची ड्युटी नाही, आणि कार्ड जमा करायला सांगितलंय. बाबांनी विचारलं, लेखी आहे का काही. तो म्हणाला नाही. बाबा म्हणाले, मग लेखी आलं की लेखी उत्तर देईन, नियमावली सतरा पानांची आहे, मला पाठ आहे. आणि कार्ड गळ्यातून काढलं, दोरी त्याच्याभोवती नीट गुंडाळली आणि त्याच्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, बाबा, देऊ नका. ते म्हणाले, "त्याच्याशी कशाला भांडायचं? तो निरोप्या."

घरी आईने ऐकून घेतलं. पोळ्या लाटत होती. खिळ्याकडे तिने एकदा बघितलं. मग विचारलं, "पोरगी पोचली का शेवटपर्यंत?" पोचली म्हटल्यावर म्हणाली, मग बसा जेवायला. माझी शिट्टी शाळेने काढून घेतली आणि लेझीमला आता उन्नती पुढे असणार आहे. तिने मला चार वेळा सॉरी म्हटलं. मी म्हटलं, नीट मार म्हणजे झालं, दोन तुटक विसरू नकोस.

बाबांनी स्पर्धेसाठी शाळेतून दोन दिवसांची रजा घेतलेली होती. एक दिवस उरला. सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसले आणि मग म्हणाले, चल, रजा आहेच तर जाऊ. प्रेक्षकांना फुकट होतं. आम्ही नेरूळला गेलो आणि उन्हाच्या बाजूला वरच्या रांगेत जागा मिळाली. मुलांची पाच हजारची शर्यत होती.

बाबा पुढे वाकून बघत होते, लहान मुलासारखे. मी विचारलं काय झालं. ते म्हणाले, बावीस वर्षांत रेस कोण जिंकतो ते मी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, आपल्या वाट्याचे तीन नंबर सोडून मान वर करायची नसते. मग त्यांनी पाहिलं. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये एक उंच मुलगा मागून आला आणि सगळ्यांना मागे टाकून गेला. बाबांनी मांडीवर थाप मारली. "असं असतं होय," म्हणाले.

एकेक करून मुलं पोचली. माइकवर बक्षिसांसाठी नावं पुकारायला लागले. लोक उठले, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, मुलांची बोटं. पलीकडच्या सरळ रस्त्यावर एक मुलगा अजून पळत होता, कुठल्या देशाचा ते इतक्या लांबून दिसत नव्हतं. आमच्या रांगेतल्या बाई पिशव्या घेऊन बाहेर निघाल्या आणि बाबांपाशी अडल्या. "संपलं ना? उठताय ना?" त्यांनी विचारलं.

बाबांनी गुडघे आखडून घेतले, त्यांना जायला वाट दिली, आणि बसून राहिले.